दिवा गेलं की घसा कोरडा

मंडळी, या व्याख्यानासाठी संयोजकांनी रविवारी सकाळी अकराची वेळ सुचवली होती. मी आजची, कामाच्या दिवसाची संध्याकाळी साडेसातची वेळ मागून घेतली. सकाळी अकराला दारू कमी करायचं कुणीही कबूल करतं. अडचण आत्ताच्या या वेळेची आहे. इथे बसलेल्यांपैकी काहींना आत्ता जीव घाबरा झाल्यासारखं होत असेल, तरी तुम्ही आलात, याचं मला फार मोल वाटतं.

लालबाग-परळमध्ये व्यसनमुक्तीचं समुपदेशन करताना मी एक वाक्य सगळ्यात जास्त ऐकलं: ‘ह्यांच्यात मनाचा निश्चयच नाही हो.’ मला हे पटत नाही. तोच माणूस गटारीला पितो आणि दुसऱ्या दिवसापासून गणपतीपर्यंत थेंबाला शिवत नाही. कुणी माळ घालतो आणि वर्षानुवर्षं पाळतो. तिथे निश्चय कुठून येतो? तिथे संध्याकाळी ठरवायचं काही उरलेलंच नसतं. श्रावण आहे, विषय संपला. मित्रही आग्रह करत नाहीत. एरवी मात्र दिवसभर दमलेल्या, भुकेल्या माणसाला आपण सात वाजता विचारतो, ‘आज घ्यायची का?’ त्या वेळी त्याच्याकडून वेगळं उत्तर कसं येणार? म्हणून मी सांगते, संध्याकाळचा निर्णय सकाळी, आंघोळ झाल्यावर घ्या आणि घरच्या एका माणसाला बोलून दाखवा. आज नाही, किंवा आज साठ मिली, त्यापुढे नाही.

एका गृहस्थांची गोष्ट सांगते. फोर्टमध्ये नोकरी, राहायला डोंबिवली, रोजची एक क्वार्टर. डॉक्टरांना दाखवून त्यांनी कमी करायला सुरुवात केली होती. मी त्यांना एक काम दिलं: तलफ नेमकी कुठे लागते ते आठवडाभर वहीत लिहा. त्यांना वाटत होतं, दुकान दिसल्यावर लागते. वहीत निघालं भलतंच. दिवा स्टेशन मागे पडलं की घसा कोरडा व्हायचा. दुकान दिसायला अजून दहा-बारा मिनिटं असायची, पण शरीर आधीच तयारीला लागलेलं. रशियात पावलोव्ह या शास्त्रज्ञांच्या कुत्र्यांच्या तोंडाला अन्न यायच्या आधीच, नुसत्या खुणेनं पाणी सुटायचं, ते हेच. वर्षानुवर्षं एकाच वेळी, एकाच वाटेवर प्यायलं की ती वाटच मागायला लागते.

मग आम्ही वाटेवरच काम केलं. डब्यातली एक पोळी-भाजी ते मुद्दाम राखून ठेवायचे आणि ऑफिसातून निघताना खायचे. तलफ म्हणून जे जाणवतं त्यात निम्मी भूक असते, हे मी शेकडो माणसांत पाहिलं आहे. डोंबिवलीला मधला पूल सोडून ते कल्याणच्या बाजूच्या पुलाने बाहेर पडायला लागले. आणि वहिनींनी दहाचं जेवण सव्वाआठला आणलं. आपल्याकडे दारू जेवणाआधीची. पोटभर वरणभात झाल्यावर ग्लास काढावासा वाटत नाही, हे पिणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं. घरातला स्टीलचा ‘तो’ ग्लास आम्ही माळ्यावर टाकला. कोकम सरबत घ्या, लिंबू-सोडा घ्या, पण दुसऱ्या भांड्यात. खारे शेंगदाणेसुद्धा काही दिवस नकोत.

तरी तलफ येणारच. ती येते, चढते आणि उतरते. बहुतेकदा पंधरा-वीस मिनिटं, फार तर अर्धा तास. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ ॲलन मार्लाट तिला लाट म्हणायचे. तिच्याशी झटापट न करता तिच्यावर तरंगायला शिकवायचे. दादर चौपाटीवर पाण्यात उभं राहिलेल्याला हे वेगळं सांगायला नको. पण न पितासुद्धा ती उतरते, हे पिणाऱ्याला ठाऊकच नसतं, कारण दर वेळी तो चढावरच पितो. एकदा, फक्त एकदा, घड्याळ समोर ठेवून ती उतरताना बघा. छातीत काय होतंय, तोंडाला काय होतंय, तेवढंच पाहत राहा.

कमी करायचं तर मोजायला हवं. ‘मी दोनच पेग घेतो’ म्हणणाऱ्याचा घरचा पेग मापाने ओतून पाहा, बहुधा साठ-सत्तर मिली भरतो. तीस मिली व्हिस्कीत सुमारे १० ग्रॅम अल्कोहोल असतं. क्वार्टर १८० मिली, म्हणजे ६० ग्रॅम. आणि बिअरला दारू न मानणाऱ्यांसाठी: आठ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरच्या ६५० मिलीच्या बाटलीत ४० ग्रॅम, म्हणजे तीस मिलीचे चार पेग.

आता दोन गोष्टी, ज्यांच्यासाठी मी खरं तर इथवर आले.

सकाळी ज्यांचे हात थरथरतात, घाम फुटतो, घोट घेतल्यावरच बरं वाटतं, त्यांनी श्रावण लागला म्हणून एका दिवसात सोडू नये. आधी डॉक्टर. शेवटच्या घोटानंतर सहा तासांपासून दोन दिवसांपर्यंत फिट येऊ शकते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी माणूस बरळायला लागतो, भिंतीवर किडे दिसतात, घरच्यांना ओळखत नाही. घरचे बाधा समजून भगताकडे नेतात. ती बाधा नव्हे. त्यात जीव जाऊ शकतो, आणि वेळेवर रुग्णालयात नेलं तर वाचतो.

दुसरी गोष्ट वहिनींसाठी. ‘पिणाऱ्याच्या नकळत दारू सोडवा’ अशा जाहिराती तुम्ही लोकलच्या डब्यात वाचल्या असतील. ती पुडी आमटीत कालवू नका. काहींत काय असतं कुणालाच माहीत नसतं. आणि डायसल्फिराम ही दारू सोडवण्यासाठी डॉक्टर देतात ती खरी गोळी नकळत दिली आणि त्यावर तो प्यायला, तर उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो, हृदयावर बेतू शकतं. ती घेणाऱ्याला सांगूनच द्यायची असते. माझ्यासमोर बसून रडलेल्या बाईने ती पुडी मंगळसूत्र गहाण ठेवून आणली होती. तिचा संताप मला येत नाही, विकणाऱ्याचा येतो. तलफ कमी करणारी औषधं आहेत, नाल्ट्रेक्सोन त्यांतलं एक. पण मनोविकारतज्ज्ञ तपासून देतील तेव्हाच. एकट्याने जमत नसेल तर अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस या, दारू सोडणाऱ्यांनीच एकमेकांना आधार देण्यासाठी चालवलेल्या संघटनेच्या सभा मुंबईत ठिकठिकाणी होतात, फी नसते. सरकारची व्यसनमुक्तीची हेल्पलाइन १४४४६ आहे.

ते डोंबिवलीचे गृहस्थ गेल्या महिन्यात पुन्हा एकदा प्यायले. ऑफिसात अपमान झाला होता, त्या दिवशी डबाही तसाच राहिला होता. दुसऱ्या दिवशी वही घेऊन आले, वेळ लिहिलेली, किती मिली तेही लिहिलेलं. आम्ही तिथूनच पुढे सुरू केलं.

साडेआठ वाजत आले. बाहेर पोह्यांची सोय केली आहे, खाऊन जा. ज्यांना चारचौघांत विचारायचं नाही त्यांनी मागच्या खोलीत या. शेवटचा माणूस जाईपर्यंत मी तिथे बसलेली आहे.