टाकीवरची ती आडवी पट्टी

श्रोतेहो, नमस्कार.

रात्रीची जेवणं आटोपली होती आणि घर शांत होतं. तेवढ्यात माशांच्या टाकीकडून ‘टक्’ असा आवाज आला. हीटर चालू-बंद होताना बारीक आवाज करतो, तोच असेल म्हणून मी उठलोही नाही. सकाळी खाणं घालायला झाकण उचललं आणि पाहतो तर वरच्या प्लास्टिकच्या चौकटीची मधली आडवी पट्टी दुभंगलेली. दोन तुकड्यांमध्ये करंगळीचं नख सहज जाईल एवढी फट.

ही पट्टी झाकण टेकवायला असते, अशी माझी तोवर ठाम समजूत होती. तिचं खरं काम मागची आणि पुढची काच एकमेकींना धरून ठेवण्याचं. पाणी काचेला बाहेर ढकलत असतं. किती जोराने, तर काचेची लांबी आणि पाण्याची खोली सेंटिमीटरमध्ये घ्या. खोलीचा वर्ग करा, लांबीने गुणा आणि निम्मं करा, उत्तर ग्रॅममध्ये येतं. माझी टाकी 120 सेंटिमीटर लांब, पाणी 50 सेंटिमीटर खोल. म्हणजे एकट्या पुढच्या काचेवर दीड लाख ग्रॅम, 150 किलो! गंमत अशी की टाकीची रुंदी या हिशोबात येतच नाही. काच खाली तळाला आणि बाजूंना कोपऱ्यांत धरलेली असते, वरची कड मात्र मधोमध मोकळी. पट्टी गेली की ती तिथेच फुगते आणि कोपऱ्यांतल्या सिलिकॉनच्या सांध्यांवर ताण येतो. मी टेप लावून पाहिलं. टोकांपेक्षा मध्ये टाकी चार मिलिमीटर जास्त रुंद भरली.

अशा वेळी हात आधी गोंदाच्या नळीकडे जातो. माझाही गेला होता. पण आधी पाणी कमी करायचं. खोली निम्मी केली की भार निम्मा होत नाही, पाव होतो. 150 किलोचे साडेसदतीस. मात्र त्याआधी हीटरचा प्लग काढा. तापलेला हीटर पाण्याबाहेर आला तर त्याची काच तडकते. पाणी उतरलं तशी माझी काच आपोआप सरळ झाली. तशीच फुगलेली राहिली असती, तरी क्लॅम्प लावून जबरदस्तीने आवळायला मी धजलो नसतो.

तुटलेले तुकडे जोडायच्या भानगडीत मी पडलो नाही, तुम्हीही पडू नका. तिथे सतत ओढ असते, जोड पुन्हा सुटणार. शिवाय सिलिकॉन काचेला जसं घट्ट धरतं तसं प्लास्टिकला धरत नाही. म्हणून काचेला काचच लावायची. पण सहा मिलिमीटर जाडीची पट्टी नुसती दोन काचांच्या मध्ये कडेला कड लावून चिकटवली, तर पकड फक्त त्या बारीक कडेपुरती मिळते. मी चौकटीच्या खाली, आतल्या बाजूने, पुढच्या-मागच्या काचेला लांबीभर एकेक अरुंद पट्टी चिकटवली आणि त्या दोन्हींवर मध्ये पंधरा सेंटिमीटर रुंद पट्टी आडवी टेकवली. आता दोन्ही टोकांना चांगले चार-चार बोटं काच काचेवर बसली. कापलेल्या कडा घासून घ्यायला विसरू नका. त्या टाकीत पुढे कित्येक वर्षं आपलाच हात जाणार असतो.

सिलिकॉन शंभर टक्के शुद्ध हवं. बाथरूमसाठी मिळतं त्यात बुरशीनाशक असतं, ते माशांना घातक. नवं सिलिकॉन जुन्यावर धरत नाही, म्हणून जुना थर ब्लेडने पार खरवडायचा आणि काच स्पिरिटने पुसायची. पुसल्यावर तिथे बोट लागता कामा नये. हे खरवडणंच खरं काम, माझी अख्खी दुपार त्यात गेली. चिकटवायला वीस मिनिटंही लागली नाहीत.

मग व्हिनेगरसारखा उग्र वास सुटतो. सिलिकॉन हवेतल्या ओलाव्याने सुकतं आणि सुकताना ॲसिटिक ॲसिड सोडतं, म्हणून मासे तेवढे दिवस प्लास्टिकच्या टबात हलवलेले बरे. फिल्टरही सोबत तिथेच चालू ठेवायचा. त्याच्या स्पंजात घाण पचवणारे जिवाणू असतात, स्पंज वाळला की ते मेलेच. वरून तासाभरात सिलिकॉन सुकल्यासारखं वाटतं, पण आतपर्यंत दिवसाला दोन-तीन मिलिमीटरच मुरतं. दोन काचांमध्ये दाबलेल्या थराला हवा फक्त कडेने मिळते, तिथे आणखी वेळ लागतो. मी आठ दिवस थांबलो. घरातल्यांनी रोज विचारलं, आता भरायची का?

भरलीही टप्प्याटप्प्याने. आधी निम्मी, मग एक दिवस थांबून पाऊण, आणि शेवटी पूर्ण. दर वेळी टेप लावला. शेवटचा फरक एक मिलिमीटरच्या आत होता. मासे परत आले, त्यातला एक आल्या आल्या नव्या पट्टीच्या सावलीत जाऊन उभा राहिला. रात्री ‘टक्’ झालं. या वेळी मी उठून पाहिलं. हीटरच होता.