पायाखालची मॅट

श्रोतेहो, नमस्कार.

घरातली एखादी खोली मोकळी करून तिथे व्यायामाची जागा करायची ठरली, की पहिला खर्च डंबेल्सवर होतो, दुसरा बाकावर, तिसरा सायकलवर. खाली काय अंथरायचं हा प्रश्न सगळ्यात शेवटी येतो. मग दातांत दात अडकवायच्या त्या चौकोनी मॅटचा जो गठ्ठा स्वस्त मिळेल, तो घरी येतो. माझं सांगणं याच्या उलट आहे. आधी जमीन ठरवा, मग सामान घ्या. आणि जमीन ठरवताना आधी घट्टपणा बघा, जाडी नंतर. हे मी आज दोन-तीनदा म्हणणार आहे. आधी घट्टपणा, मग जाडी.

असं का, ते कळायला एक गोष्ट ऐका. माणूस सगळ्यांच्या ओळखीचा आहे. पण त्या गोष्टीतल्या जमिनीकडे फारसं कुणी बघत नाही.

कराडजवळचं गोळेश्वर. खाशाबा जाधवांचा जन्म तिथला, १५ जानेवारी १९२६चा. वडील दादासाहेब स्वतः पैलवान, त्यामुळे पोराचे पाय लहानपणापासून आखाड्यात. आता आखाड्याची माती म्हणजे शेतातून उचलून आणलेली माती नव्हे. तांबडी माती आधी चाळायची, एक खडा राहू द्यायचा नाही. मग तिच्यात तेल, ताक, हळद, लिंबाचा रस, कापूर मिसळायचा. आणि रोज उकरून ती भुसभुशीत ठेवायची. अशा मातीत पाय टाकला की अंगठा आत रुततो, टाच किंचित खाली जाते. जोर लावला की माती सरकून पावलाला जागा करून देते. गडी वळला, की पाऊल मातीला घेऊनच वळतं.

खाशाबांचा नावाजलेला डाव ढाक. समोरच्याची मान काखेत आवळायची, आपली कंबर आत घालायची आणि स्वतःच्या पायावर गर्रकन फिरून त्याला आपटायचं. बघणाऱ्याला हात दिसतात, मान दिसते. पण डावाचा जीव त्या फिरण्यात आहे, म्हणजे पावलात आहे.

१९४८ साली लंडनचं ऑलिंपिक आलं. कोल्हापूरच्या महाराजांनी प्रवासाचा खर्च उचलला आणि बावीस वर्षांचे खाशाबा लंडनला जाऊन गादीवर उभे राहिले. गादी हा कुस्तीवाल्यांचा शब्द आहे, मॅट म्हणायची सवय आपल्याला नंतर लागली. तिथे नियम नवे, गुण देण्याची रीत नवी आणि पायाखालची जमीनही नवी. गादीत अंगठा रुतत नाही. गादी सरकत नाही. पाऊल टेकलं की ते ती धरून ठेवते. मातीच्या सवयीने जोरात फिरलात, तर पाऊल मागे राहतं आणि गुडघा पुढे जातो. मातीत पडताना कोपर घसरत जातं, गादीवर तेच कोपर सोलून निघतं. वर्षानुवर्षं घोटलेला डाव तोच, ताकद तीच, आणि पाय मात्र नव्याने शिकायला बसलेले. तरीही त्यांनी ऑस्ट्रेलियाच्या बर्ट हॅरिसला पहिल्या काही मिनिटांत लोळवलं, अमेरिकेच्या बिली जर्निगनला हरवलं. इराणच्या मन्सूर रईसीने त्यांना रोखलं. फ्लायवेट या हलक्या वजनगटात ते सहावे आले. गादीची धड ओळख नसताना सहावे!

पुढची चार वर्षं मेहनतीची. १९५२ला हेलसिंकीला जायचं, तर पैशांचं गणित जुळेना. तेव्हा राजाराम कॉलेजच्या प्राचार्यांनी आपलं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. आपल्या विद्यार्थ्यासाठी घर गहाण ठेवणारा शिक्षक, हे वाक्य कितीदाही म्हटलं तरी माझा गळा दाटतो. या वेळी गट होता बँटमवेट, ५७ किलो. कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीचे मल्ल त्यांनी हरवले. जपानच्या शोहाची इशीने आणि सोव्हिएत संघाच्या रशीद ममादबेयोवने त्यांना हरवलं, ते दोघे अनुक्रमे सुवर्ण आणि रौप्य घेऊन गेले. आणि कांस्यपदक गोळेश्वरला आलं. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. कराड स्टेशनापासून बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. आज त्यांचा जन्मदिवस आपण राज्य क्रीडा दिन म्हणून पाळतो.

बघा, सहाव्या क्रमांकापासून पदकापर्यंत पुष्कळ काही बदललं असेल. पण त्यातली एक गोष्ट म्हणजे त्या पायांची आणि गादीची झालेली ओळख. आपल्या कुस्तीने तो फरक मान्यच केला आहे. महाराष्ट्र केसरीत आजही माती विभाग वेगळा आणि गादी विभाग वेगळा.

कबड्डीचंही तेच झालं. माती गेली, मॅट आली, पायात बूट आले. आणि कबड्डीची मॅट म्हणजे आपण घरात घालतो त्याच जातीची, दात अडकवायची. पुरुषांचं मैदान १३ मीटर बाय १० मीटर, म्हणजे एक मीटरचे १३० तुकडे. स्पर्धेला मॅट हवीच. पण लहान मुलांना मातीत खेळू द्या हो! मातीत पाय तयार होतो, बोटं पसरायला शिकतात. गावातली तालीम पाडून तिथे दुकानांचे गाळे काढणं मला मुळीच पटत नाही. असो.

आता आपल्या खोलीकडे. बाजारात मुख्य प्रकार दोन. एक ईव्हीए फोमची मॅट, हलकी, रंगीत, मुलांच्या खोलीत दिसते ती. दुसरी रबराची, जुन्या टायरचे दाणे चिकटवून दाबलेली, काळी, कधी तिच्यात निळे-करडे ठिपके. वजनावरून फरक हातालाच कळतो. १० मिलिमीटर जाडीची रबरी मॅट एका चौरस मीटरला नऊ-दहा किलो भरते. तेवढीच फोमची जेमतेम एक-दीड किलो.

दंड-बैठका, सूर्यनमस्कार, पोटाचे व्यायाम एवढंच करणार असाल, तर १० ते १२ मिलिमीटरचा घट्ट फोम पुरे. दोरीवरच्या उड्या असतील तर २० मिलिमीटर घ्या. हातातले डंबेल्स खाली ठेवायचे असतील तर रबर, ८ ते १० मिलिमीटर. बारबेल, म्हणजे दोन्ही टोकांना वजनं लावलेला लांब दांडा, जमिनीवर टेकवायचा असेल तर १५ ते २० मिलिमीटरचं रबर, आणि टेकवायच्या जागी त्याखाली १८ मिलिमीटरचा प्लाय. वजन खांद्यावर घेऊन मऊ, जाड फोमवर बैठक मारू नका. टाच आत जाते, घोटा डगमगतो आणि त्याचा हिशेब गुडघा चुकता करतो. जाड म्हणजे सुरक्षित असं वाटतं, पण उभ्या माणसाला घट्ट जमीन लागते. आधी घट्टपणा, मग जाडी.

ट्रेडमिल आणि बाकाचे पाय फोमवर ठेवू नका. महिन्याभरात तिथे खळगे पडतात आणि ते पुन्हा भरून येत नाहीत. ट्रेडमिल तिरकी बसते, पट्टा एका बाजूला सरकायला लागतो. तिच्याखाली रबराचा एकसंध तुकडा घाला, सांधे नकोतच. आणि वरच्या मजल्यावर राहत असाल तर एवढं लक्षात असू द्या, की मॅटने चालण्याचा आणि उड्यांचा आवाज कमी होतो, वजन आपटल्याचा धक्का मात्र स्लॅबमधून खाली जातोच. वजन हाताने ठेवा, सोडू नका.

दुकानात गेलात तर चार गोष्टी करा. अंगठा पाच सेकंद जोरात दाबून काढा. खड्डा लगेच भरला तर माल चांगला, ठसा राहिला तर ठेवा बाजूला. कोपरा दुमडून बघा, घडीवर पांढरी रेघ उमटून तशीच राहिली तर तिथून पुढे फाटणार. दोन तुकडे अडकवून त्यातला एक उचला आणि हलवा, दुसरा लटकत राहिला पाहिजे. आणि चौथी, वास घ्या. रबराला टायरच्या दुकानासारखा वास येतो, तो काही दिवसांत उतरतो. स्वस्त फोमचा डोळ्यांना झोंबणारा वास मात्र घरी आणू नका. २०१०च्या अखेरीस बेल्जियमने मुलांच्या अशा दात अडकवायच्या मॅटची विक्री थांबवली होती, कारण फोममध्ये सापडणारं फॉर्मामाइड नावाचं रसायन. रांगतं मूल त्याच खोलीत फिरणार असेल तर इथे पैसे वाचवू नका.

मापात बहुतेकांची गफलत होते. दुकानदाराला विचारा, माप दात धरून आहे की दात सोडून? ६२ सेंटिमीटर लिहिलेला तुकडा अडकवल्यावर ६०च भरतो. आपली खोली १० फूट बाय १२ फूट, म्हणजे ३०५ बाय ३६६ सेंटिमीटर. ६० सेंटिमीटरचे तुकडे एका बाजूला पाच, दुसऱ्या बाजूला सहा, एकूण तीस. कडेला पाच-सहा सेंटिमीटर उरतात. ते दोन्ही भिंतींकडे निम्मे निम्मे सोडा. मॅट भिंतीला खेटून बसवली की उन्हाळ्यात फुगते आणि मध्येच पोट काढते. तीसच्या जागी तेहेतीस तुकडे घ्या, आणि सगळे एकाच वेळी. एका कंपनीचे दात दुसरीच्या खाचेत बसत नाहीत, आणि त्याच कंपनीचा साचाही पुढे बदलू शकतो. शिवाय खोलीचं दार आत उघडतं का, ते बघा. दाराखाली मॅटच्या जाडीहून जास्त फट नसेल तर मॅट दाराला अडणारच.

मॅट आली की लगेच अंथरू नका. गठ्ठा सोडून तुकडे एक दिवस त्याच खोलीत सपाट पडू द्या. फरशी पुसून पूर्ण वाळवा. दाराच्या समोरच्या, पटकन नजरेत येणाऱ्या कोपऱ्यापासून सुरुवात करा, म्हणजे कापलेले तुकडे लांबच्या भिंतीकडे जातील. पाठीमागचे बाण किंवा छाप सगळे एकाच दिशेला ठेवा. दात तळव्याने दाबा, रबराचे असतील तर रबरी हातोडीने ठोका. कापायचं असेल तर उलट्या बाजूने, लोखंडी पट्टी धरून, नव्या पात्याच्या कटरने. एका दमात आरपार कापायला जाऊ नका, तीन-चार वेळा फिरवा. रबर कापताना पातं साबणाच्या पाण्यात बुडवा आणि चिरेखाली लाकडाची पट्टी ठेवा, म्हणजे चीर उघडी राहते आणि पातं अडकत नाही.

खाली फिकट संगमरवर किंवा व्हिनाइल असेल तर काळं रबर थेट ठेवू नका, डाग पडतो आणि निघत नाही. फोमला गॅलरीतलं थेट ऊन लागू देऊ नका, तो आकसतो आणि सांधे उघडे पडतात. पुसायला अंघोळीच्या साबणाचं सौम्य पाणी आणि घट्ट पिळलेलं फडकं. फिनेल नको. अंगाला खोबरेल चोळून मॅटवर व्यायाम नको, तेलाने रबर फुगतं आणि फोम निसरडा होतो.

आणि पावसाळा. कोकणात, मुंबईत, तळमजल्यावर असाल तर जून ते सप्टेंबर दर पंधरा दिवसांनी मॅट उचला. सगळी नाही जमली तर निदान भिंतीकडच्या दोन ओळी. खालची बाजू फडक्याने पुसा, पंख्याखाली उभी करून दोन तास ठेवा, फरशी कोरडी झाली की परत घाला. उचलताना तुकड्यांवर पाठीमागून खडूने आकडे घाला, एक, दोन, तीन, म्हणजे ज्याची जागा त्याला मिळेल. नमस्कार.