भावासाठी काढलेली शाळा

१९ जानेवारी १९१९ रोजी स्वित्झर्लंडमधील सेंट मॉरिट्झच्या एका हॉटेलात वास्लाव निजिन्स्की निमंत्रितांसमोर नाचला आणि तेच त्याचे अखेरचे जाहीर नृत्य ठरले. पुढे झुरिचचे डॉक्टर ऑइगेन ब्लॉयलर यांनी स्किझोफ्रेनियाचे निदान केले, तेव्हा या जगद्विख्यात नर्तकाने वयाची तिशीही गाठलेली नव्हती.

त्याच वर्षी यादवी युद्धात होरपळणाऱ्या कीव्हमध्ये त्याची धाकटी बहीण ब्रॉनिस्लावा हिने नृत्याची शाळा काढली होती. वास्लावच्या नव्या धाटणीच्या रचना पेलतील असे नर्तक घडवावेत, हा तिचा उद्देश होता. ज्याच्यासाठी ही तयारी चालली होती तो पुन्हा रंगमंचावर येणार नाही, याची तिला कल्पना नव्हती.

आजारपण या घराला नवे नव्हते. थोरला भाऊ स्टानिस्लाव लहानपणी खिडकीतून पडला, डोक्याला मार बसला आणि पुढे त्याला मनोरुग्णालयात ठेवावे लागले.

१९२१ मध्ये आई आणि दोन लहान मुलांना घेऊन ब्रॉनिस्लावा कीव्हमधून निसटली आणि व्हिएन्नात वास्लावला भेटली. त्यानंतर ती रशियन कलासंयोजक दियागिलेव्हच्या बॅले मंडळीत परतली. कीव्हमध्ये भावासाठी चाललेला विचार आता तिच्याच रचनांतून प्रकट होऊ लागला.

१३ जून १९२३ रोजी पॅरिसमध्ये सादर झालेले तिचे ‘ले नोस’ (म्हणजे ‘लग्न’) हे बॅले पाहा. संगीतकार स्त्राविन्स्कीच्या या संगीतात चार पियानो, तालवाद्ये आणि गायक आहेत. प्रसंग रशियन खेड्यातल्या लग्नाचा आहे, पण रंगीबेरंगी पोशाख ब्रॉनिस्लावाने नाकारले आणि सर्वांना तपकिरी व पांढऱ्या वेशात उभे केले. नवरीच्या लांबलचक वेण्या मैत्रिणी हाती धरतात. मग एकीच्या डोक्यावर दुसरीचे डोके अशी उतरंड रचली जाते आणि सर्वांत वर नवरीचा चेहरा येतो. या उदास लग्नात भावाचे दुखणे शोधण्याचा मोह होतो. मात्र मला त्यापेक्षा समूहाला एका देहासारखे हलवणारी ती कीव्हची शिस्त अधिक ठळक दिसते.

भाऊ उघडपणे दिसतो तो त्याआधी, १९२२ मध्ये. ‘फॉन’ या वास्लावने रचलेल्या पहिल्या बॅलेतील मुख्य पुरुषभूमिका तेव्हा ब्रॉनिस्लावाने स्वतः केली. सेंट पीटर्सबर्गच्या घरी, इतर कोणाला सुगावा लागू न देता, त्यातल्या हालचाली त्याने सर्वप्रथम तिच्याच अंगावर बसवून पाहिल्या होत्या.