अंगठ्यावरची गोडी

नमस्कार श्रोतेहो.

पाकिटबंद पदार्थाचं पाकीट उलटं केलं की मागच्या बाजूला बारीक अक्षरांत एक यादी असते. पीठ, तेल, साखर, मीठ, इथपर्यंत आपण वाचतो. पुढे आकडे सुरू होतात आणि आपण वाचणं सोडून देतो. २५० म्हणजे सोडियम नायट्राइट. ९५१ म्हणजे ॲस्पार्टेम. ९५४ म्हणजे सॅकरीन. रंग येण्यासाठी, पदार्थ टिकण्यासाठी, गोडी येण्यासाठी ही द्रव्यं घातलेली असतात, आणि यांच्यामुळे कॅन्सर होतो का, हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जातो.

त्याचं उत्तर मी ९५४ पासून सुरू करते. मी बरीच वर्षं रसायनशास्त्र शिकवलं, आणि दर वर्षी पहिल्या प्रात्यक्षिकाच्या तासाला ही गोष्ट सांगितली.

१८७९ साल. अमेरिकेत बाल्टिमोर शहरात जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ नुकतंच उभं राहिलेलं. तिथे आयरा रेमसन नावाचे प्राध्यापक होते आणि त्यांच्या प्रयोगशाळेत कॉन्स्टँटिन फालबर्ग नावाचे एक रसायनशास्त्रज्ञ काम करत होते. काम कशावर? दगडी कोळशाच्या डांबरापासून निघणाऱ्या संयुगांवर. डांबर, श्रोतेहो. खाण्याशी त्याचा काडीचाही संबंध नाही.

एका संध्याकाळी काम इतकं रंगलं की फालबर्गना जेवणाची वेळ झाल्याचंच कळलं नाही. उशिरा लक्षात आलं, तसे ते घाईघाईने उठले आणि हात न धुताच जेवायला बसले. पावाचा तुकडा मोडून तोंडात घातला, तर तो गोड लागला. त्यांना वाटलं, पावच गोड केलेला असेल. पाणी घेऊन चूळ भरली, हातरुमालाने मिशा पुसल्या, तर रुमाल पावाहून गोड! आता मात्र ते चमकले. पेला उचलला आणि नेमका जिथे बोटांचा स्पर्श झाला होता त्याच कडेला ओठ लागले, तर पाणीही सरबतासारखं गोड. मग त्यांनी अंगठा चाखून पाहिला. आजवर खाल्लेल्या कुठल्याही मिठाईपेक्षा तो अंगठा गोड होता.

समोरचं ताट तसंच टाकून ते प्रयोगशाळेत धावले आणि टेबलावरचं एकेक भांडं, एकेक वाटी चाखत सुटले. हे मी मुलांना सांगायची तेव्हा हमखास हात वर व्हायचा, "बाई, एखाद्यात विष असतं तर?" खरंच आहे. त्यातलं एक जरी द्रव्य जहरी असतं तरी गोष्ट तिथेच संपली असती. म्हणून प्रयोगशाळेतून बाहेर पडताना हात साबणाने, कोपरापर्यंत, धुवायचे. हे मी आजही सांगते, आणि जेवायला बसतानाही तेच सांगते.

तर त्या भांड्यांत सापडलं सॅकरीन. साखरेच्या सुमारे ३०० पट गोड. शोधनिबंधावर रेमसन आणि फालबर्ग, दोघांचीही नावं होती. पण पुढे फालबर्गनी पेटंट घेतलं ते एकट्याच्या नावावर, जर्मनीत कारखाना काढला तोही रेमसनना वगळून. रेमसनना ते फार लागलं. मला विचाराल तर लागायलाच हवं होतं. ज्याच्या प्रयोगशाळेत, ज्याच्या देखरेखीखाली काम झालं, त्याचं नाव पुसणं मला आजही सहन होत नाही, आणि हे आजही सर्रास चालतं.

असो. सॅकरीनकडे येऊ.

१९०८ मध्ये हार्वे वायली नावाचे सरकारी रसायनशास्त्रज्ञ थेट राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांच्यासमोर म्हणाले, की सॅकरीन हा डांबराचा पदार्थ आहे आणि प्रकृतीला घातक आहे. वायली हा भेसळीविरुद्ध हयातभर लढलेला माणूस. अन्नात काय घातलं जातं हे लोकांना कळलं पाहिजे, यासाठी त्यांनी जिवाचं रान केलं. पण रूझवेल्टना त्यांच्या डॉक्टरांनी रोज सॅकरीनच घ्यायला सांगितलं होतं. ते भडकले. सॅकरीन अपायकारक आहे म्हणणारा मूर्खच असला पाहिजे, असं त्यांनी तोंडावर सुनावलं. मग हा आणि असे वाद तपासायला तज्ज्ञांचं मंडळ नेमलं गेलं, आणि त्याचे अध्यक्ष कोण? आयरा रेमसन!

पुढे महायुद्धांत साखर मिळेना, तेव्हा सॅकरीन घरोघरी पोचलं. १९५८ मध्ये अमेरिकेत कायद्यात एक कलम आलं. माणसात किंवा प्राण्यात कॅन्सर करणारं कुठलंही द्रव्य अन्नात घालायचं नाही. अगदी चिमूटभरसुद्धा नाही. त्या कलमाला डिलेनी कलम म्हणतात. आणि १९७७ मध्ये कॅनडातल्या प्रयोगांतून बातमी आली, की सॅकरीन खाल्लेल्या उंदरांना मूत्राशयाचा कॅन्सर झाला. कॅनडाने बंदी घातली. अमेरिकेत बंदीचा प्रस्ताव आला, पण मधुमेहाचे रुग्ण आणि वजनाची काळजी करणारे लोक यांनी एवढा गदारोळ केला की बंदी टळली आणि त्याऐवजी पाकिटावर इशारा छापायचं ठरलं. प्राण्यांमध्ये कॅन्सर करणारं द्रव्य यात आहे, असा तो इशारा होता.

आता इथे नीट कान द्या. त्या उंदरांना किती सॅकरीन दिलं होतं? खाण्याच्या ५ टक्के. म्हणजे १०० ग्रॅम खाण्यात ५ ग्रॅम. ३०० पटीने हिशेब करा. १०० ग्रॅम अन्नात दीड किलो साखरेची गोडी! रोज, जन्मापासून, किंबहुना आईच्या पोटात असल्यापासून.

आणि तेवढ्यावरही गोष्ट संपत नाही. नर उंदरांच्या लघवीत कॅल्शियम, फॉस्फेट आणि प्रथिनं भरपूर असतात. एवढं सॅकरीन पोटात गेलं की त्या लघवीत बारीक खडे धरतात. ते मूत्राशयाच्या आतल्या अस्तराला सतत खरवडतात. अस्तर सोलतं, पुन्हा वाढतं, पुन्हा सोलतं, आणि त्या वाढीतून गाठ होते. माणसाच्या लघवीत असे खडे होत नाहीत. हे उलगडायला वीस-बावीस वर्षं लागली. १९९९ मध्ये कॅन्सर संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने, आय-ए-आर-सीने, सॅकरीनला संशयितांच्या यादीतून काढलं आणि २००० साली अमेरिकेतल्या पाकिटांवरचा तो इशाराही गेला.

म्हणजे पाकिटातली सगळी द्रव्यं निर्दोष का? नाही. मुळीच नाही.

२५० घ्या, सोडियम नायट्राइट. सॉसेज, हॅम, बेकन यांना जो गुलाबी रंग असतो तो याचा. बॉट्युलिझम नावाची जीवघेणी विषबाधा करणारे जंतू वाढू नयेत म्हणूनही ते घालतात, आणि तो उपयोग खरा आहे. पण पोटात, आणि कडक तळतानाही, त्याची प्रथिनांतल्या घटकांशी गाठ पडून नायट्रोसामाइन नावाची संयुगं होऊ शकतात. यातल्या एका नायट्रोसामाइनने उंदरांच्या यकृतात गाठी होतात, हे १९५६ मध्येच दिसलं होतं. २०१५ मध्ये आय-ए-आर-सीने प्रक्रिया केलेलं मांस पहिल्या गटात टाकलं, म्हणजे माणसात कॅन्सर होतो याचा पुरावा पक्का असलेल्या गटात. रोज ५० ग्रॅम खाणाऱ्याला मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो, असा तो निष्कर्ष. इथे पुरावा उंदरांचा नाही, माणसांचा आहे. दोष एकट्या नायट्राइटचा नाही, धुरी देण्याचा आणि मांसातल्या लोहाचाही वाटा आहे. पण नायट्राइटला सोडून देता येत नाही.

पहिला गट म्हटलं की लोक घाबरतात, कारण त्याच गटात तंबाखू आहे. पण गट सांगतो तो पुरावा किती पक्का आहे हे. धोका किती मोठा आहे, हे गट सांगत नाही. पुन्हा सांगते, गट म्हणजे पुराव्याचा पक्केपणा. आणि ते १८ टक्के कशाचे? समजा १०० माणसांत ५ जणांना आयुष्यात हा आजार होणार असेल, तर रोज ५० ग्रॅम खाणाऱ्या १०० जणांत तो साधारण ६ जणांना होईल. एक माणूस जास्त. ज्याच्या घरचा तो असेल त्याला तो एक फार असतो, म्हणून मी रोजच्या खाण्यातून हे पदार्थ काढाच म्हणते. कधीतरी खाल्लं तर रात्रभर तळमळू नका.

ॲस्पार्टेमचं थोडक्यात. २०२३ मध्ये ते "शक्यता आहे" अशा गटात गेलं. पुरावा अपुरा, पण दुर्लक्ष करू नये असा. त्याच वेळी दुसऱ्या तज्ज्ञ समितीने शरीराच्या वजनाच्या किलोमागे ४० मिलिग्रॅम ही रोजची मर्यादा कायम ठेवली. ७० किलोच्या माणसाने ती ओलांडायची तर दिवसाला शीतपेयाचे ९ ते १४ डबे प्यावे लागतील. टायटॅनियम डायऑक्साइड या पांढऱ्या रंगाला मात्र युरोपने २०२२ मध्ये अन्नातून बाहेर काढलं, कारण जनुकांना इजा होण्याची शंका तज्ज्ञांना नाकारता आली नाही. ते मला पटलं. नुसत्या रंगासाठी एवढीही शंका का पत्करायची? आणि जाता जाता, ती मागची यादी एवढ्या बारीक टायपात का छापतात? पाकिटावरच्या फळाचं चित्र एवढं मोठं, आणि आत काय आहे ते वाचायला भिंग! अक्षराचा आकार वाढवला तर निम्मं काम होईल, हे माझं मत मी दर ठिकाणी मांडत आले आहे.

एका श्रोत्याचं पत्र आहे. आईला मधुमेह आहे, चहात गोडीची गोळी घालते, ती फेकून देऊ का, असं विचारलं आहे. दादा, फेकू नका. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये वजन कमी करण्यासाठी असल्या गोडीच्या मागे लागू नका असं सांगितलं, पण ज्यांना आधीच मधुमेह आहे त्यांना त्या सल्ल्यातून वगळलं आहे. दोन कप चहातल्या दोन गोळ्यांनी आईंना काही होणार नाही. गोळ्यांची डबी मात्र उलटी करून एकदा बघा, आत ९५१ आहे की ९५४ ते. ९५४ असेल, तर आईंना फालबर्गच्या अंगठ्याची गोष्ट जरूर सांगा.