मार्चअखेरची अमावस्या आणि मेसियेची यादी

मार्चच्या अखेरीस, अमावस्येच्या आसपास, आकाशनिरीक्षकांना एक अशी रात्र मिळते की जिच्यात शार्ल मेसिये या फ्रेंच ज्योतिर्विदाच्या यादीतील जवळजवळ सर्व ११० तारकागुच्छ, तेजोमेघ आणि दीर्घिका सूर्यास्तापासून पहाटेपर्यंत एकापाठोपाठ एक पाहता येतात. सूर्य त्या दिवसांत मीन राशीत असतो आणि त्याच्या प्रकाशात जो आकाशाचा पट्टा बुडून जातो, त्यात या यादीतील वस्तू फारच थोड्या आहेत. १९७० च्या दशकात अमेरिकेतील हौशी निरीक्षकांनी या योगायोगाला शर्यतीचे रूप दिले आणि ‘मेसिये मॅरेथॉन’ हे नाव रूढ झाले. शर्यत हा शब्द थोडा फसवा आहे, कारण येथे धावायचे नसते. रात्रभर थंडीत उभे राहून, मान वाकडी करून, अत्यंत अंधुक असे काहीतरी शोधत राहायचे असते.

मेसियेला स्वतःला यातील एकाही वस्तूचे विशेष आकर्षण नव्हते. त्याला हवे होते धूमकेतू. १७५८ च्या ऑगस्टमध्ये एका धूमकेतूचा मागोवा घेत असताना वृषभ राशीत त्याला एक धूसर ठिपका दिसला, जो रात्रीमागून रात्री जागचा हलला नाही. असे फसवे ठिपके पुन्हा वेळ खाऊ नयेत म्हणून पॅरिसमधील वेधशाळेत बसून त्याने त्यांची नोंद सुरू केली. १७८१ च्या आवृत्तीत त्यांची संख्या १०३ झाली आणि उरलेले सात विसाव्या शतकात इतरांनी जोडले. ज्यांच्याकडे बघू नये अशा वस्तूंची ही यादी आज जगभर बघण्यासाठीच वापरली जाते. वृषभेतील तो पहिला ठिपका, म्हणजे एम १ (एम हे मेसियेचे आद्याक्षर, पुढे यादीतला क्रमांक), हा एका ताऱ्याच्या स्फोटाचा अवशेष आहे. १०५४ साली चिनी निरीक्षकांनी तो ‘पाहुणा तारा’ म्हणून नोंदवला होता आणि तेव्हा तो तेवीस दिवस भरदिवसा दिसत होता.

महाराष्ट्रातून हीच यादी पाहू लागलो की तिचा तोल बदलतो. पॅरिस जवळजवळ ४९ अंश उत्तरेला आहे, तर मुंबई-पुण्याचा पट्टा साडेअठरा ते एकोणीस अंशांवर. त्यामुळे उत्तरेकडच्या वस्तू आपल्याकडे खाली सरकतात आणि दक्षिणेकडच्या वर येतात. संध्याकाळी याची किंमत मोजावी लागते. देवयानी दीर्घिका, म्हणजे एम ३१, अंधार पुरता होईपर्यंत पश्चिम क्षितिजाला टेकू पाहत असते. मीन राशीतील एम ७४ ही मुळातच फिकी दीर्घिका, आणि संधिप्रकाश संपतो तेव्हा ती जेमतेम पाच-सहा अंश वर उरलेली असते. क्षितिजावर धुरकटपणा असेल, आणि मार्चमध्ये तो बहुधा असतोच, तर ती सोडून द्यावी लागते. त्यामानाने मृगातला तेजोमेघ, एम ४२, हा निवांत पाहण्याचा विषय आहे. बाणाच्या तीन ताऱ्यांच्या जवळ साध्या द्विनेत्रीतूनही त्याची धूसर छटा दिसते आणि दुर्बिणीतून पाहिल्यास त्याच्या पोटात चार ताऱ्यांची एक चिमुकली चौकट उजळलेली असते. सुमारे १,३५० प्रकाशवर्षांवरील या वायूच्या ढगात नवे तारे घडत आहेत आणि त्याला उजळवण्याचे काम मुख्यतः त्याच चौकटीतील एक अतितप्त तारा करतो.

येथे पाहणाऱ्याची निराशा होण्याचा धोका असतो. छायाचित्रात जो तेजोमेघ गुलाबी-जांभळा दिसतो, तो डोळ्याला राखाडी, फार तर किंचित हिरवट दिसतो. दोष दुर्बिणीचा नाही. अंधारात रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी काम करीत नाहीत. काम करतात त्या दंडपेशी, आणि त्यांना रंग कळत नाहीत. शिवाय दृष्टिपटलाच्या मध्यबिंदूशी दंडपेशी नसतात, म्हणून अंधुक वस्तूकडे थेट पाहिले की ती नाहीशी होते आणि नजर थोडी कडेला नेली की उमटते. शाळकरी मुलगा आयपीसला डोळा लावून म्हणतो, “दादा, काहीच दिसत नाहीये.” शेजारचा स्वयंसेवक सांगतो, “मध्ये बघू नकोस, कडेला बघ. आता नळीला हलकी टिचकी मार.” टिचकीने दृश्य थरथरते आणि स्थिर असताना न दिसलेला डाग हलल्याबरोबर मुलाच्या लक्षात येतो. डोळे अंधाराला सरावण्यास वीस ते तीस मिनिटे लागतात आणि मोबाइलचा एक झोत तेवढी कमाई घालवतो. म्हणूनच विजेरीच्या काचेवर लाल जिलेटीन कागद बांधलेला असतो आणि नकाशे त्या लाल उजेडात वाचले जातात. मुंबईच्या खगोलप्रेमींना वांगणीसारखी ठिकाणे याच कामासाठी परिचित आहेत, आणि २०२४ च्या जानेवारीत पेंच व्याघ्रप्रकल्पाला भारतातील पहिल्या ‘डार्क स्काय पार्क’चा दर्जा मिळाला तोही काळ्याभोर आकाशाच्या बळावर.

रात्र चढत जाते तशी सिंह आणि कन्या या राशी माथ्यावर येतात आणि काम अवघड होते. कन्येच्या दीर्घिकासमूहात हजाराहून अधिक दीर्घिका आहेत, त्यांतील पंधरा-सोळा मेसियेच्या यादीत आहेत, आणि दुर्बीण जरा इकडेतिकडे झाली की कोणता ठिपका कोणत्या क्रमांकाचा हे ठरवताना अनुभवी निरीक्षकही गोंधळतो. याच गर्दीत सुमारे साडेपाच कोटी प्रकाशवर्षांवरील एम ८७ आहे. तिच्या केंद्रातील कृष्णविवराची प्रतिमा १० एप्रिल २०१९ रोजी प्रसिद्ध झाली; दुर्बिणीत मात्र ही दीर्घिका एक गोलसर धूसर डाग एवढीच दिसते.

मध्यरात्रीनंतर दोनच्या सुमारास यादी थोडा वेळ बाजूला ठेवणे योग्य, कारण दक्षिणेला जे दिसते ते मेसियेच्या यादीत नाही. नरतुरंगातील ओमेगा सेंटॉरी हा तारकागुच्छ पॅरिसमध्ये क्षितिजावर येतच नाही. आपल्याकडे तो सुमारे २४ अंश वर येतो. प्राचीन ज्योतिर्विद टॉलेमीने आणि पुढे जर्मन नकाशाकार बायरने त्याला तारा मानले. १६७७ मध्ये सेंट हेलेना बेटावरून एडमंड हॅलीने तो साधा तारा नसल्याचे नोंदवले. सुमारे १७ हजार प्रकाशवर्षांवर एक कोटीच्या आसपास तारे गुरुत्वाकर्षणाने एकत्र बांधलेले आहेत आणि आठ इंची दुर्बिणीतून काळ्या घोंगडीवर बारीक रवा सांडावा तसे ते कडेपर्यंत सुटे दिसतात. शौरीतील एम १३ हा उत्तरेकडच्या निरीक्षकांचा लाडका गोलाकार गुच्छ. ज्याने ओमेगा पाहिला, त्याला एम १३ जरा लहान वाटतो.

पहाटे तीननंतर वृश्चिक आणि धनु वर येतात आणि पॅरिसशी असलेला फरक सर्वाधिक जाणवतो. यादीत सर्वांत दक्षिणेला असलेला एम ७ हा खुला तारकागुच्छ पॅरिसहून जास्तीत जास्त सहा अंशांवर येतो. आपल्याकडे तो सदतीस अंशांपर्यंत चढतो आणि नुसत्या डोळ्यांनीही ओळखता येतो. धनुतील तेजोमेघांचीही तीच गोष्ट. दुर्दैव एवढेच की आकाशगंगेचा हा सर्वांत समृद्ध भाग मध्यरात्री माथ्यावर येतो तो जून-जुलैत, आणि तेव्हा सह्याद्रीवर ढग दाटलेले असतात. म्हणून धनूसाठी आपल्याला मार्च ते मे या महिन्यांतली पहाट धरावी लागते. ज्याला झोप प्रिय आहे, त्याचे या बाबतीत काही खरे नाही.

सर्वांत शेवटी मकर राशीतील एम ३० हा गोलाकार तारकागुच्छ उरतो. पॅरिसच्या अक्षांशावर तो या दिवसांत सूर्योदयापूर्वी केवळ अर्धा तास उगवतो, त्यामुळे तेथील निरीक्षकाच्या हाती तो सहसा लागत नाही. महाराष्ट्रात तो सूर्याच्या जवळपास दोन तास आधी वर येतो. पहाटेचा उजेड फुटण्याआधी तो क्षितिजापासून दहाएक अंशांवर असतो, आणि पूर्वेकडचा डोंगर आड येत नसेल तर पाऊण तासाच्या अवधीत त्याच्यापुढे खूण करता येते.