धक्का नसलेलं बेट

नमस्कार श्रोतेहो. जहाज धक्क्याला लागतं, क्रेन फिरते, माल उतरतो. त्यात सांगण्यासारखं काय, असं तुम्ही म्हणाल. पण धक्काच नसेल तर?

टास्मानियाच्या आग्नेयेला सुमारे 1500 किलोमीटरवर मॅक्वारी बेट आहे. 34 किलोमीटर लांब आणि जेमतेम 5 किलोमीटर रुंद. उत्तर टोकाला दोन समुद्रांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीवर 1948 पासून ऑस्ट्रेलियाचं संशोधन केंद्र आहे. पीठमीठ, औषधं, सुटे भाग, डिझेल, वर्षभराची सगळी बेगमी जहाजातून येते.

तिथे वारा बहुतेक पश्चिमेचा. म्हणून जहाज पूर्वेला, बकल्स उपसागरात, बेटाच्या आडोशाला नांगर टाकतं. काही माल हेलिकॉप्टरला टांगून जातो. बाकीचा अनेक वर्षं ‘लार्क’मधून नेला गेला. लार्क म्हणजे अर्धी होडी, अर्धा ट्रक. एका खेपेला साडेचार टनांपर्यंत ओझं. खरी कसोटी भरण्याची. वरचं जहाज डुलतंय, खालची लार्क डुलतेय आणि मधे क्रेनला पेटारा लोंबतोय. लार्क लाटेच्या माथ्यावर आली की तो टेकवायचा. क्षण हुकला तर ती खाली जाते आणि पुढच्या लाटेसरशी वर येऊन त्याच पेटाऱ्यावर आदळते! मग ती चाकांवर किनारा चढते. वाटेत हत्तीसील पसरलेले असतात. ते काही उठत नाहीत. वळसा आपणच घालायचा.

मला विचाराल तर सगळ्यांत धास्तीचं काम इंधनाचं. तरंगत्या नळीतून डिझेल किनाऱ्यावर पोचेपर्यंत जहाजाला जागेवरून हलता येत नाही. 3 डिसेंबर 1987 रोजी अशाच वेळी ‘नेला डॅन’चा नांगर फरफटला आणि जहाज खडकांवर चढलं. माणसं सुखरूप सुटली, पण तेल समुद्रात सांडलं. पुढे जहाज खडकांवरून ओढून काढलं, आणि 24 डिसेंबरला त्याला खोल पाण्यात जलसमाधी दिली.

दुसरी धास्ती अगदी चिमुकली आहे. एकोणिसाव्या शतकात सीलच्या शिकाऱ्यांबरोबर उंदीर आणि ससे इथे आले. पक्ष्यांची पिल्लं, गवताचे उतार, काही म्हणता काही सोडलं नाही त्यांनी. मोठ्या मोहिमेनंतर 2014 मध्ये बेट त्यांच्यापासून मुक्त झाल्याचं जाहीर झालं. त्यामुळे आता माल जहाजावर चढण्याआधीच कसून तपासला जातो. बुटांच्या तळव्यांत अडकलेलं बीसुद्धा शोधतात. एक गाभण उंदरीण निसटली, तर सगळं पुन्हा पहिल्यापासून.

आणि हो, जहाज रिकामं परतत नाही. साठलेला कचरा आणि रिकामी पिंपं त्याच लाटांवरून उलट्या वाटेने जहाजावर चढवावी लागतात.