कुंपणच शेत खातं तेव्हा: निळं-हिरवं शेवाळ आणि लिव्हरच्या पेशीतला डीएनए

सुरुवातीलाच एक गोष्ट क्लिअर करतो, ज्याला आपण निळं-हिरवं शेवाळ म्हणतो ते मुळात शेवाळ नाहीच, ते बॅक्टेरिया आहेत, सायनोबॅक्टेरिया. पण नाव रुळलंय, मीपण आज शेवाळच म्हणणार, जाणकारांनी रागावू नये. साचलेलं कोमट पाणी आणि खतं-सांडपाण्यातून आलेला फॉस्फरस, नायट्रोजन मिळाला की हे असं माजतं की पाण्यावर कुणीतरी हिरवा रंग ओतलाय असं वाटावं. यातल्या काही जाती विष बनवतात.

सगळ्यात जास्त अभ्यास झालेलं विष म्हणजे मायक्रोसिस्टिन. सात अमिनो आम्लांचं एक कडं, आणि त्याचे अडीचशेहून जास्त प्रकार. आता एवढा मोठा रेणू सहसा पेशीत शिरूच शकत नाही, पेशीचं आवरण त्याला दारात उभं करत नाही. मग लिव्हरच का सापडतं? तर लिव्हरच्या पेशींवर ओएटीपी नावाची प्रोटीन्स असतात, त्यांचं कामच रक्तातली पित्ताम्लं, औषधं वगैरे आत ओढून घेणं, म्हणजे पुढची विल्हेवाट लावता येते. मायक्रोसिस्टिन त्याच दाराने आत येतं. जे शरीर साफ ठेवायला बसवलंय तेच विषाला आत घेतं, कुंपणानेच शेत खाल्लं म्हणतात ना, अगदी तसं.

१९९६ साली ब्राझीलमध्ये कारुआरू इथे हे फार वाईट पद्धतीने दिसलं. डायलिसिसच्या पाण्यात हे विष होतं, म्हणजे पोटातून नाही, थेट रक्तात. शंभराच्या आसपास रुग्णांचं लिव्हर फेल झालं आणि पन्नासहून जास्त माणसं गेली.

पण ते झालं मोठ्या डोसचं. आत गेल्यावर मायक्रोसिस्टिन पीपी-१ आणि पीपी-२ए या दोन एन्झाइमांना धरतं. बघा, पेशीत प्रोटीनवर फॉस्फेट चिकटवणारी एन्झाइमं असतात आणि ते काढणारी असतात, ही दोन काढणाऱ्यांपैकी. ती अडकली की चिकटवलेलं निघतच नाही, जे सिग्नल बंद व्हायला हवेत ते चालूच राहतात. डोस मोठा असेल तर पेशीचा सांगाडाच कोसळतो आणि लिव्हरमध्ये रक्तस्राव होतो. डोस छोटा असेल तर पेशी मरत नाही, जगते, आणि मला विचाराल तर खरी गोची इथेच आहे, कारण मेलेल्या पेशीचा कॅन्सर होत नाही, बिघडलेला डीएनए घेऊन जगणारीचा होतो.

डीएनए तुटतो कसा? मायक्रोसिस्टिन स्वतः कात्री घेऊन बसलेलं नसतं. त्याच्यामुळे पेशीत ऑक्सिजनचे आक्रस्ताळे रेणू वाढतात, ते निस्तरणारं ग्लुटाथायोन कमी पडायला लागतं, आणि मग हे रेणू डीएनएच्या ए, टी, जी, सी या चार अक्षरांपैकी जी ला, म्हणजे ग्वानिनला गाठतात. ग्वानिनची जोडी एरवी सी शी जमते, पण ऑक्सिडाइज झालेलं ग्वानिन डीएनए कॉपी होताना ए शी जोडी जमवू शकतं, म्हणजे अक्षरच बदललं, झालं म्युटेशन.

हे डोळ्यांनी बघता येतं बरं का. कॉमेट टेस्ट म्हणतात तिला. लिव्हरच्या पेशी काचपट्टीवर अ‍ॅगारोज जेलच्या पातळ थरात अडकवायच्या, थंडगार खाऱ्या डिटर्जंटमध्ये बुडवून त्यांची आवरणं विरघळवायची, मग कडक अल्कलीत डीएनएचे पीळ सोडवायचे आणि थोडा वेळ करंट द्यायचा. डीएनएवर ऋण भार असतो, त्यामुळे तुटलेले तुकडे धन टोकाकडे सरकतात, अख्खा डीएनए जागचा हलत नाही. चमकणारा डाय टाकून मायक्रोस्कोपखाली बघितलं की धडधाकट पेशी म्हणजे काळोखात एक गोल ठिपका, आणि बिघडलेली पेशी म्हणजे चक्क शेंडेनक्षत्र, पुढे डोकं, मागे धूसर शेपूट. शेपटीत जितका उजेड तितकी तोडफोड.

हेप-जी२ नावाच्या, लॅबमध्ये वाढवलेल्या मानवी लिव्हर पेशींवर मायक्रोसिस्टिन टाकून हेच केलं, तर शेपट्या पहिल्या काही तासांत वाढल्या आणि नंतर पुन्हा आखडल्या. म्हणजे पेशी दुरुस्ती करते. चला, सुटलो, असं वाटतं की नाही? पण दुरुस्तीच्या यंत्रणेलाही फॉस्फेट लावण्या-काढण्याचे सिग्नल लागतात आणि तेच इथे गोंधळलेले असतात, त्यामुळे दुरुस्ती अर्धवट किंवा चुकीची होऊ शकते, आणि ते साध्या शेपटीत दिसत नाही. २०१० मध्ये आयएआरसीने, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने, मायक्रोसिस्टिन-एलआर या प्रकाराला गट २बी दिला, म्हणजे माणसात कॅन्सर होण्याची शक्यता आहे, सिद्ध नाही. हा फरक बातम्यांमध्ये नेहमी गाळला जातो.

दुसरं विष सिलिंड्रोस्पर्मॉप्सिन, नाव उच्चारताना माझीच जीभ अडखळते. १९७९ मध्ये ऑस्ट्रेलियात पाम आयलंडवर १४८ जण, बहुतेक लहान मुलं, हॉस्पिटलात पोचले. धरणातलं शेवाळ मारायला कॉपर सल्फेट टाकलं होतं, पेशी फुटल्या आणि आतलं विष पाण्यात मोकळं झालं. याचं गणित अजून उलटं, लिव्हरमधली सीवायपी एन्झाइमं, जी एरवी औषधं पचवतात, तीच याला जास्त घातक करतात. उंदराच्या लिव्हर पेशींत ही एन्झाइमं रोखली तर डीएनएचं तुटणं थांबलं. पुन्हा कुंपणच.

एक मात्र ध्यानात ठेवा, हेप-जी२ पेशींवर ती ओएटीपीची दारं फारच कमी असतात. त्यामुळे तिथे थोडं नुकसान दिसलं म्हणून खऱ्या लिव्हरमध्येही थोडंच होईल असा हिशोब लावू नका.

मघाशी कुणीतरी विचारलं, पाणी उकळून प्यायलं तर? नाही चालत. मायक्रोसिस्टिनचं कडं उकळून तुटत नाही, उलट शेवाळाच्या पेशी फुटून विष बाहेर येतं आणि पाणी आटलं की आणखी दाट होतं. २०१४ मध्ये अमेरिकेत टोलेडो शहरातल्या लोकांना नळाचं पाणी पिऊ नका असं सांगितलं, तेव्हा सोबत हेही बजावलं होतं की उकळू नका.